आराम, कन्नडातला आणि मराठीतला

लग्न होऊन मी मिरजेहून धारवाडला आले तेव्हा मला कन्नडातले तीनच शब्द येत होते: बेकु, ब्याड आणि ऊटा. म्हणजे हवं, नको आणि जेवण. सासूबाई म्हणाल्या, "संसाराला एवढे पुरतात." त्यांच्या संसाराला पुरले असतील. मी नर्स होते, आणि लग्नानंतर दोन महिन्यांत हुबळीच्या एका खासगी हॉस्पिटलात, थेट आय.सी.यू.त कामाला लागले. तिथं तीन शब्दांवर भागत नाही ओ.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही धारवाडातच, सप्तापूरला, दोन भाड्याच्या खोल्यांत राहत होतो. नवरा कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. मी रोज बसनं हुबळीला जायचे. खिडकीजवळची जागा मिळाली की डोळा लागायचा. अमरगोळच्या बाजारपेठेपाशी कांद्याच्या ट्रकांमुळे बस अडकली, हॉर्न सुरू झाले, की जाग यायची आणि मी वेणी नीट करायला घ्यायचे. देशपांडे नगरात हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत मी अगदी कडक इस्त्रीची सिस्टर झालेली असायचे.

आमच्या आय.सी.यू.त आठ पलंग होते आणि त्या आठांवर राज्य होतं मोठ्या डॉक्टरांचं. उंच, काटकुळे, नाकावर घसरलेला चष्मा, आणि तोंडात सतत एक लवंग. पहिल्याच दिवशी मी त्यांना मराठीतून काहीतरी विचारलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नंग मराठी बरंगिल्ल. कन्नड कलीरी." मला मराठी येत नाही, कन्नड शिका. संपलं. हुबळीत भाजीवाल्यापासून वकिलापर्यंत सगळ्यांना दोन्ही भाषा येतात आणि माझ्या नशिबी नेमका हा एक न येणारा आला होता!

मग मी शिकले. पेशंटकडून, नातेवाइकांकडून, झाडू मारणाऱ्या अक्काकडून, जे कानावर पडेल ते. मला वाटलं, निम्मे शब्द तर आपलेच आहेत, त्यात काय मोठंसं. आणि तिथंच फसले.

दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. तीन नंबरच्या पलंगावर एक साखरेचे पेशंट, आजोबा. दुपारी त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं आणि क्षीण आवाजात म्हणाले, "सिस्टर, आराम इल्लरी." इल्ल म्हणजे नाही, हे मला ठाऊक होतं. आराम तर काय, घरचाच शब्द. आराम नाही! मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. बिचाऱ्यांना कोण झोपू देतंय इथं? मी पडदा ओढला, वरचा दिवा बंद केला, बाहेर बसलेल्या मुलाला आणि सुनेला दटावलं, "गडबड करू नका, आजोबांना आराम हवाय," आणि चादर गळ्यापर्यंत सारखी करून आले. स्वतःवरच खूश होते मी.

पाच मिनिटांत डॉक्टर आले. पडदा बाजूला करतात तर आजोबा घामानं चिंब. साखर उतरली होती. सलाइनमधून ग्लुकोज गेलं आणि दहा मिनिटांत आजोबा उठून बसले, चहा मागायला लागले. त्यांचं काही बिघडलं नाही, पण माझी मात्र सगळ्यांदेखत शोभा झाली. कारण इकडच्या कन्नडात आराम म्हणजे विश्रांती नव्हेच. आराम म्हणजे बरं असणं. "आराम अदीरी?" म्हणजे बरे आहात ना? "आराम आत" म्हणजे बरं वाटलं. आणि "आराम इल्ल" म्हणजे मला बरं वाटत नाहीये, धाव! आजोबा मला धाव म्हणत होते आणि मी त्यांना अंगाई म्हणत होते.

"आराम अंद्र निद्दी अल्लरी, सिस्टर!" डॉक्टर गरजले. आराम म्हणजे झोप नव्हे. सगळा वॉर्ड हसला. आजोबाही हसले.

मी खाली मान घालून ट्रे उचलला आणि पुटपुटले, "कारलं मेलं! तोंडात साखर कोंबली तरी कडूच बोलेल." मराठीत, अर्थात. आणि त्या दिवशी मला माझी मोठी सोय सापडली. साहेबाला भाषा येत नसेल तर नोकरी किती सुखाची होते, हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळेल. चिडले की मी तोंड भरून मराठीत बोलून घ्यायचे. राउंड लांबला तर, "आलं काटकुळं भूत, आता काही जेवायला सोडत नाही." माझा चार्ट परत लिहायला लावला तर, "ह्याची बायको ह्याला कशी सहन करते, देवच जाणे." ते एकदम खोकायचे, लवंग अडकल्यासारखे. मी मनात म्हणायचे, बरं झालं, अडकू दे.

पण एक सांगते, ती वर्षं फार मजेची होती. लोकांना वाटतं आय.सी.यू. म्हणजे रडारड. तसं नसतं. मरणाच्या दारात उभं राहून काम करणारी माणसं खूप हसतात, नाहीतर उभं कसं राहणार? अकरा वाजता खालच्या गाड्यावरून गिरमिट यायचं. कुरमुरे, कांदा, चिंचेचं पाणी, वर पुठाण्याचं, म्हणजे डाळ्याचं, पीठ, सोबत गरम मिरची भजी. सामान ठेवायच्या खोलीत आम्ही दोघी-दोघी जाऊन चार घास खाऊन यायचो. पेशंट बरा होऊन घरी निघाला की नातेवाईक पेढ्याचा पुडा आणायचे, आणि निघताना सवयीनं म्हणायचे, "होगी बर्तेव्री." जाऊन येतो. तसं म्हणाले की आम्ही सगळ्या एका सुरात ओरडायचो, "बरब्याड्री!" येऊ नका! अख्खा जिना हसायचा.

दहा-अकरा वर्षं अशी गेली. मी मोठी सिस्टर झाले. नव्या पोरी मला अक्का म्हणायला लागल्या आणि घाबरायलाही लागल्या. "इथं काय जत्रा भरलीय का?" हे माझं वाक्य. माझ्या पाठीमागं त्या माझी नक्कल करतात हे मला माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

मग एका उन्हाळ्यात तीन सिस्टर एकदम गल्फला गेल्या. पाठोपाठ एक बाळंतपणाला. आठ पलंगांना आम्ही उरलो मोजक्या. एकेकीनं दोन-दोन पाळ्या ओढायच्या, सुट्टीच्या दिवशी घरी निरोप यायचा की या. आधी वाटलं, महिनाभराचा प्रश्न आहे. त्याचे सहा महिने झाले, मग वर्ष.

सुरुवातीला घरी हसायचो आम्ही. कुकरची शिट्टी झाली की मी पोळी तव्यावर टाकून पलीकडच्या खोलीत धावायचे, कुणाचं मशीन वाजलं म्हणून. मुलगा गुडघा फोडून आला तर मी विचारलं, "नाव काय? वय? केव्हापासून दुखतंय?" तो म्हणाला, "आई, मी आहे." नवरा पोट धरून हसला. मीही हसले. पण त्याच्या गुडघ्याला पट्टी बांधताना माझ्या लक्षात आलं की मला त्याच्यासाठी काहीसुद्धा वाटत नाहीये. कळवळा नाही, राग नाही, काही नाही. पट्टी मात्र सुंदर बांधली होती.

नवरा एकदा म्हणाला, "तू घरी येतेस, पण आलीस असं वाटत नाही गं." मी त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

आणि मग ते मास्तर. आमच्या सप्तापूरचेच, शाळेतून निवृत्त झालेले कन्नडचे शिक्षक. अकरा दिवस माझ्याकडे होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, म्हणून बोलता यायचं नाही. उशाशी वही-पेन्सिल. त्या वहीत ते माझ्या कन्नडाच्या चुका काढायचे! मी काही बोलले की लगेच वही पुढं, बरोबर रूप लिहिलेलं. मला चीड यायची आणि मजाही. दहाव्या दिवशी त्यांनी मला गुण दिले, दहापैकी सात. अकराव्या दिवशी सकाळी ते गेले.

त्यांची बायको आत आली. लहानखुरी बाई, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "अवर्ग कडीक आराम इत्तेन्री?" शेवटी त्यांना आराम होता का? आणि मी काय म्हणाले असेन? "जरा बाजूला व्हा, चादर बदलायचीय."

तिनं हात सोडला आणि बाजूला झाली. मला माझाच आवाज ऐकू आला, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा. मला रडू येईल म्हणून मी वाट बघितली. नाही आलं. मी चादर बदलली. त्या चादरीला एक सुरकुती नव्हती.

त्या संध्याकाळी मी राजीनामा लिहिला. सप्तापुरातल्याच एका शाळेत मुलांची वजनं-उंच्या घ्यायला, खरचटलं-बिरचटलं बघायला नर्स हवी होती. दहा ते पाच, रविवार सुट्टी, पायी जाण्यासारखं. मला शाळेत जायची हौस होती असं नाही. पण त्या बाईचा हात ज्या हातातून सुटला, तो हात घेऊन पुन्हा कुणा आजारी माणसाजवळ जायची मला भीती वाटत होती. आपण चांगली नर्स होतो, आता नुसती चांगली चादर घालणारी उरलो, असं झालं होतं. नवऱ्यानं कागद वाचला आणि एवढंच म्हणाला, "तुझं तू ठरव. मला बायको परत मिळाली म्हणजे झालं." पाकिटावर डॉक्टरांचं नाव घालून मी ते अप्रनच्या खिशात ठेवलं.

सकाळी राउंड संपल्यावर मी त्यांच्यासमोर उभी राहिले. सगळं घोकून गेले होते, कन्नडात. पण तोंड उघडलं आणि घोकलेलं सगळं पळालं. राहिला तो एकच शब्द, आणि तोही माझ्या माहेरचा अर्थ घेऊन आला. मला म्हणायचं होतं, सर, मला विश्रांती नाही, मी थकले, मला जाऊ द्या. मी म्हणाले, "सर, नंग आराम इल्लरी."

ते थांबले. चष्मा नाकावरून खाली. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग अप्रनच्या खिशाकडे, मग परत चेहऱ्याकडे.

"आराम इल्ल?" ते म्हणाले. "याक, एनात?" का, काय झालं? आणि मी उत्तर देईपर्यंत त्यांनी धाकट्या सिस्टरला कन्नडातूनच हाक मारली. "सहा नंबर रिकामा आहे ना? सिस्टरना घ्या. बी.पी., ई.सी.जी., साखर."

"अहो नाही, सर, तसं नाही..." मी मराठी, कन्नड, हातवारे, सगळं करून बघितलं. कोण ऐकतो! ज्या पोरी माझ्यापुढं चळचळा कापायच्या त्यांना तर दिवाळीच. दोघींनी मला दंडाला धरून सहा नंबरवर आडवं केलं. "अक्का, हलायचं नाही." "अक्का, बोलायचं नाही, आलेख बिघडतो." माझीच वाक्यं, माझ्याच सुरात! डॉक्टर पायाशी उभे राहून म्हणाले, "तो अप्रन मळलाय. काढा आणि धुवायला पाठवा." मी ओरडले, "अहो, त्यात माझा कागद आहे!" ते मराठी होतं, म्हणून ते बहुधा त्यांना कळलं नाही. अप्रन गेला.

बी.पी. शंभराच्या खाली निघालं. आता कुणाला काय सांगणार? त्यांनी केस पेपर मागवला आणि रोगाच्या नावाच्या जागी कन्नडात ठळक लिहिलं: आराम इल्ल. खाली सूचना, ह्या पेशंटला कुणीही उठवू नये. आणि गेले.

पाच नंबरवर एक बाजारातली दणकट बाई होती, दम्याची, दोन दिवसांत घरी जाणारी. ती पडद्याआडून वाकून म्हणाली, "सिस्टर, आता कळलं का? काल मी बाथरूमला उठले तर केवढी बोललात मला. पडा गप!" मी पडले गप. छताकडे बघत. अकरा वर्षांत मी त्या खोलीचं छत कधी बघितलं नव्हतं. पंख्याशेजारी एक डाग होता, अगदी पोपटासारखा. सगळ्या पेशंटांनी तो बघितलेला असणार आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

डोळे मिटले तर आवाज ऐकू यायला लागले. टिक टिक, फुस फुस, ट्रॉलीचं करकरणं. रोजचेच आवाज, पण आज त्यातला एकही माझ्यासाठी नव्हता. मग एक विचित्र संवाद कानावर आला. माझी धाकटी सिस्टर कुणाला तरी झापत होती, "सर, लघवी मोजून नुसती टाकायची नसते, लिहायची असते. आणि हे काय अक्षर आहे?" आणि मोठे डॉक्टर म्हणत होते, "सॉरी सिस्टर." माझी पाळी ते करत होते! मी म्हटलं, देवा, हे बघायला मी जागी राहिलेच पाहिजे. आणि पुढच्या क्षणी झोपले.

सकाळी अकराला झोपले ती संध्याकाळी सातला उठले. उशाशी गिरमिटाचा पुडा, मऊ पडलेला, आणि स्टुलावर नवरा. धाकट्या सिस्टरनं त्याला फोन करून सांगितलं होतं, काही झालेलं नाही, पण या. तो म्हणाला, "काय गं, काय झालंय तुला?" मी म्हणाले, "आराम इल्ल." तो म्हणाला, "मग?" आणि मी रडायला लागले. अशी रडले, अशी रडले की पाच नंबरची बाई पण रडायला लागली, काही कारण नसताना. नवरा घाबरला. पण मला इतका आनंद झाला होता! येत होतं मला रडू. मेलं नव्हतं काही.

डॉक्टरांनी चार दिवस घरी पाठवलं. पहिले दोन मी झोपले. तिसऱ्या दिवशी उठून मुलाला धपाटा घातला आणि लगेच पोटाशी धरला, आणि दोन्ही मनापासून झालं. चौथ्या दिवशी मास्तरांच्या घरी गेले.

आमच्या घरापासून दोन गल्ल्या. त्या गल्लीकडे वळायचं धैर्य मला तोवर होत नव्हतं. बाईंनी दार उघडलं, मला ओळखलं आणि "बर्री" म्हणून आत घेतलं. मी पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "तुम्ही विचारलं होतं, शेवटी आराम होता का. मी उत्तर दिलं नाही. माझं चुकलं. होता. रात्रभर शांत झोप होती, दुखत नव्हतं. आणि आदल्या दिवशी त्यांनी मला दहापैकी सात गुण दिले."

बाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतायत, तर त्या हसत होत्या. "सात?" त्या म्हणाल्या. "सात कुणालाच देत नव्हते ते. मला चाळीस वर्षांत पाचाच्या वर नाही दिले!" मग आम्ही दोघी हसलो आणि मग रडलो, आणि त्यांनी मला अवलक्की, म्हणजे आपले पोहे, खायला घातले. निघताना मी उंबऱ्यावर म्हणाले, "होगी बर्तेनी." जाऊन येते. आणि खरंच जात राहिले, पुढं कितीतरी वर्षं.

पाचव्या दिवशी कामावर गेले. अप्रन धुऊन, इस्त्री होऊन आला होता. खिशात राजीनाम्याचा लगदा, वाळून टणक झालेला, अक्रोडाएवढा. दुसरा लिहिता आला असता. शाळेची जागा अजून रिकामी होती. मी तो लगदा हातात घेऊन उभी होते, तेवढ्यात धाकटीनं येऊन विचारलं, "अक्का, आराम?"

"कन्नडातला की मराठीतला?" मी विचारलं.

ती गोंधळली. मी तिला समजावलं, कन्नडातला म्हणजे बरं असणं, मराठीतला म्हणजे विसावा. ती विचार करून म्हणाली, "मग माझा कन्नडातला आहे अक्का. मराठीतला नाही. तीन महिने नाही." हे ती हसत म्हणाली, पण तिचे डोळे मी बघितले. मीच होते ती, वर्षभरापूर्वीची. मी लगदा कचऱ्याच्या बादलीत टाकला आणि तिला म्हणाले, "जा. सामानाच्या खोलीत अर्धा तास पड. तुझे दोन पलंग माझे."

त्या दिवसापासून आमच्यात पद्धत पडली. पाळी बदलताना आठ पेशंटांचे निरोप देऊन-घेऊन झाले की नववा प्रश्न एकमेकींना: आराम? उत्तर चार प्रकारचं. दोन्ही, म्हणजे उत्तम. नुसता कन्नडातला, म्हणजे थकलेय, अर्धा तास द्या. नुसता मराठीतला, म्हणजे झोप झालीय पण मनात काहीतरी आहे, विचारा मला. दोन्ही नाही म्हटलं की त्या बाईला घरी धाडायचं आणि बाकीच्यांनी दात-ओठ खात ओढायचं. "मी थकले" म्हणायला आम्हाला लाज वाटायची, आम्ही सिस्टर ना! पण भाषेचं नाव घ्यायला कसली लाज? बाहेरच्या माणसाला वाटायचं ह्या व्याकरण शिकतायत. अर्ध्या तासाच्या झोपेनं जग बदलत नाही, हे मलाही कळतं. डॉक्टरांनी वर भांडून आणखी दोन सिस्टर आणल्या तेव्हा कुठं खरा श्वास मिळाला. पण त्या येईपर्यंत आमच्यातली एकही गळाली नाही, ती ह्या चार उत्तरांमुळं.

पुढं चार-पाच वर्षांनी मोठे डॉक्टर निवृत्त झाले. गच्चीवर मांडव घातला, पेढे, मिरची भजी, गिरमिटाची तर परातच. ते भाषणाला उठले, कन्नडात सगळ्यांचे आभार मानले. मग लवंग गालात सारली, चष्म्यावरून थेट माझ्याकडे बघितलं, आणि स्वच्छ, खणखणीत, आमच्या मिरजेकडच्या मराठीत म्हणाले:

"आता दोन शब्द मराठीत. माझी आई कुरुंदवाडची. सिस्टर, तुम्हाला कन्नड यावं म्हणून मी पहिल्या दिवशी एक थाप मारली, आणि नंतर तुम्ही असं काही बोलायला लागलात की खरं सांगायची सोयच राहिली नाही. तर, कारलं ह्या नात्यानं मी सर्वांचा निरोप घेतो. काटकुळं भूत आता जेवायला सोडेल. आणि ही माझी बायको. अजून सहन करते."

गच्ची नुसती कोसळायची बाकी होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. त्यांच्या बायकोनं येऊन माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "रोज रात्री जेवताना विचारत असे हो मी, आज काय म्हणाल्या?"

गर्दी पांगल्यावर मी त्यांना कठड्यापाशी गाठलं. "सर, मग त्या दिवशी... मी आराम इल्ल म्हणाले, ते तुम्हाला कळलं होतं?"

"दोन्ही भाषांत."

"मग ई.सी.जी. कशाला काढलात माझा?"

"थकलेल्या सिस्टरला रजा द्यायला माझ्याकडे माणूस नव्हतं," ते म्हणाले. "आजारी माणसाला पलंग द्यायला मात्र मला कुणाला विचारावं लागत नव्हतं."

"आणि अप्रन?"

"मळला होता," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट. डोळ्यांखाली काळं, हातातल्या बशीतली भजी तशीच गार झालेली. आणि एकदम माझ्या लक्षात आलं. रोज पाळी बदलताना आम्ही एकमेकींना विचारत होतो. आयाबायांना, वॉर्डबॉयना, नव्या पोरींना. हे तिथंच उभे असायचे, चार्ट चाळत. सगळं कळत असायचं त्यांना. आणि आमच्यापैकी एकीनंही ह्यांना कधी विचारलं नव्हतं.

"सर," मी म्हणाले, "आराम?"

त्यांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल शोधला, सापडला नाही. मग मराठीतच म्हणाले, "नाही हो सिस्टर. बरीच वर्षं झाली. दोन्ही नाही."

मी त्यांच्या हातातली बशी काढून घेतली, खुर्ची ओढली आणि दंडाला धरून बसवलं. "मग बसा गप. हलायचं नाही, बोलायचं नाही." आणि मागं वळून पोरींना ओरडले, "ए, इथं काय जत्रा भरलीय का? अर्धा तास ह्यांना कुणी हाक मारायची नाही!"